साहेब, अजून एक आंघोळ करा

आधीच सांगून टाकतो, टँकरमध्ये राहायला जायची कल्पना माझी नव्हती. मी एकोणीस वर्षं आमच्या कार्यालयात पाणीटंचाईच्या टेबलावर बसतो. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा आणि कोणाचा प्रस्ताव त्रुटी काढून परत पाठवायचा, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. अशा माणसानं सुट्टीसुद्धा टँकरमध्येच काढावी, हे मला काही पटत नव्हतं. पण वर्षाराणीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मोबाईलवर फोटो बघितला आणि माझ्या पटण्याचा प्रश्नच मिटला.

फोटोत एक निळा टँकर होता. त्याच्या कुशीत कापून बसवलेलं दार, दाराबाहेर दोन आरामखुर्च्या, आणि चारी बाजूंनी नुसतं पिवळं माळरान. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच जिल्ह्यातल्या वाळवंटात दोन दिवस. येडशीपासून अर्ध्या तासावर.’ आम्ही ज्या पट्ट्याला वर्षानुवर्षं टंचाईग्रस्त म्हणतोय, त्यालाच उत्कर्ष नावाचा कुणी पुण्याहून परतलेला तरुण वाळवंट म्हणत होता, आणि लोक खुशाल बुकिंग करत होते. मला त्याचा रागच आला.

वर्षाराणीच्या तीन अटी होत्या. “जिथं देव नाही, ऑफिस नाही आणि नातेवाईक नाहीत, अशा ठिकाणी मला दोन दिवस न्या. चोवीस वर्षांत एकदा.”

तिचं काही चुकत नव्हतं. लग्नानंतरचं आमचं पहिलं फिरणं तुळजापूरला झालं, तेही माझी आई आणि दोन मावश्यांना घेऊन. महाबळेश्वरला नेलं, पण तिथं माझं प्रशिक्षण होतं. मी वर्गात आणि ही तीन दिवस खिडकीतून धुकं बघत बसलेली. गोव्याला निघालो तर सोलापूरला हिच्या चुलतमामांकडं जेवायला थांबलो, मामांची पाठ धरली, आणि गोवा तिथंच संपला.

“ह्यातली एक जरी अट मोडली ना,” ती म्हणाली, “तर पुन्हा तुमच्याबरोबर मी कुठं म्हणजे कुठंच येणार नाही.” ती असं चिडून म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ती कोथिंबीर निवडत, अगदी शांतपणे म्हणाली. मी लगेच बुकिंग करून टाकलं.

बातमी शेजारी गेली. शेजारचे आण्णासाहेब निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि सल्ला द्यायला त्यांना शाळा लागत नाही. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून ते म्हणाले, “बलभीमराव, टँकर म्हणजे काय? पत्रा. महिना कोणता? मे. दोघंही भाजून निघाल. त्यापेक्षा तुळजापूरला जा. लॉज आहेत, दर्शनही होईल.”

“देव नकोय,” मी म्हणालो.

आण्णासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घाईनं म्हणालो, “म्हणजे ह्या खेपेला नकोय.” मग त्यांनी दोघांच्या खिशात ठेवायला दोन कांदे दिले, ओलं करून पांघरायला एक गोणपाट दिलं आणि शाळेतला थर्मामीटर दिला. शिवाय खापरवाडी की काय, त्या बाजूला त्यांचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला भेटून यायला सांगितलं. ते मी वर्षाराणीपासून लपवलं. विद्यार्थी नातेवाइकांत मोडतो की नाही याचा निर्णय मला घ्यायचा नव्हता.

खरं अडलं ते ऑफिसात. टंचाईच्या काळात शनिवार-रविवारीसुद्धा मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते, आणि परवानगीला कारण लागतं. आजवर आमच्याकडं सगळ्यांनी दोनच कारणं लिहिलीत, देवदर्शन आणि नातेवाइकाचं आजारपण. मला दोन्ही वर्ज्य. मी ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. आमच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

“वैयक्तिक म्हणजे?”

“मंडळींना घेऊन जरा बाहेर.”

“कुठं?”

“टँकरमध्ये, साहेब.”

साहेबांना वाटलं मी टोमणा मारतोय. परवानगी दिली, पण खाली शेरा ओढला, ‘टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित राहणार नाही या अटीवर.’ झालं! मी आठवडाभर प्रस्तावांवर तुटून पडलो. एरवी एका प्रस्तावाला मी चार दिवस लावतो, आता दिवसाला चार उडवायला लागलो. जिथं जरा काही खुपलं तिथं त्रुटी काढली आणि परत. टेबल आरशासारखं स्वच्छ झालं. माझाच वेग बघून मला माझं कौतुक वाटलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, आम्ही निघालो.

येडशी मागं पडलं, झाडी संपली आणि माळ सुरू झाला. वाळू नव्हती, बाकी वाळवंटाला लागतं ते सगळं होतं. एका दगडावर ‘खापरवाडी’ लिहिलेलं दिसलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी कुरतडल्यासारखं झालं. हे नाव आण्णासाहेबांच्या आधीही कुठंतरी बघितलंय, असं वाटत राहिलं. पण तेवढ्यात टँकर दिसला आणि वर्षाराणीनं टाळ्याच वाजवल्या. हिला टाळ्या वाजवताना मी शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना.

टँकर खरोखर झकास होता. वर गवताचं शाकारलेलं छप्पर, आत पलंग, कूलर, मागच्या टोकाला इवलीशी न्हाणी. बाहेर ‘पिण्याचे पाणी’ ही जुनी अक्षरं तशीच ठेवलेली. पुढची ड्रायव्हरची केबिनसुद्धा तशीच, स्टिअरिंगसकट. उत्कर्ष पुण्याला गेला होता. तिथली व्यवस्था गुंडप्पा बघायचे. साठीचा, खणखणीत माणूस.

“ह्योच टँकर म्या चौदा वर्सं चालिवला,” ते म्हणाले. “ह्याच गावाला पाणी आणायचो. मोडीत निघाला, तवा उत्कर्षनं घेतला आन् संगं मलाबी ठिवून घेतलं. सगळं तुमचंच हाय साहेब, कायबी वापरा. फकस्त त्यो हॉर्न वाजवू नका.”

“का?”

“नका वाजवू, एवढंच.”

वर्षाराणी आरामखुर्चीत बसली, पाय समोरच्या स्टुलावर टाकले आणि डोळे मिटले. “काही करायचं नाही,” ती म्हणाली. “आज मी काहीही करणार नाही. चहासुद्धा मागणार नाही, आला तर पिणार.”

मीही दुसऱ्या खुर्चीत बसलो आणि काहीही न करायला लागलो. ते मला सात मिनिटं जमलं. मग उठलो. आत गेलो, थर्मामीटर बघितला, बाहेर आलो, तापमान जाहीर केलं. टँकर पावलांनी मोजला, अठरा पावलं. उलटा मोजला, तरी अठराच. माणसाच्या पुढ्यात कागद नसला की हातांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. निवृत्त झाल्यावर आपलं कसं होणार या विचारानं मला एकदम कसंतरीच झालं.

“बसा हो एका जागी,” डोळे न उघडता ती म्हणाली.

एका जागी बसायचं म्हणून मी केबिनमध्ये जाऊन बसलो. स्टिअरिंग फिरवलं. गियर हलवून बघितला. समोर तो हॉर्न. मोठा, काळा, गुळगुळीत झालेला. वाजवू नका म्हणाले, पण चालतो की नाही हे बघायला काय हरकत आहे? नुसता अंगठा टेकवला हो! अर्धं सेकंदसुद्धा नसेल.

सगळा माळ दणाणला. त्या हॉर्नला दोन सूर होते, आधी एक चढा आणि मग एक लांबलेला. वर्षाराणी खुर्चीतून उडाली. टँकरमागून गुंडप्पा “आरारारा” करत धावत आले आणि डोक्याला हात लावून खालीच बसले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी नुसतं गावाकडं बोट केलं.

गावातून धूळ उठली होती. धुळीच्या पुढं बायका होत्या. डोक्यावर घागरी, काखेत कॅन, हातात कळशा. एकीनं तर पाळण्यातलं पोर आणि बादली दोन्ही उचलून आणलं होतं. चौदा वर्षं ह्याच हॉर्नला सारं गाव धावलं होतं, आणि पाय काही आवाज ऐकल्यावर विचारायला थांबत नाहीत. बघता बघता टँकरच्या मागच्या नळापासून घागरींची रांग लागली. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती, धुरपदाबाई. सत्तरी ओलांडलेली, पण धावण्यात पहिली.

“पाणी न्हाय व्हय?” तिनं विचारलं.

“नाही आजी,” मी म्हणालो. “चुकून हात लागला.”

“चुकून कसा लागंल? बारकं लेकरू हाय का तुमी?”

चाळीस बायकांसमोर, सरकारी नोकरीतल्या, पन्नाशीच्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी वर्षाराणीकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. सांगायची गोष्ट म्हणजे, अजून तिन्ही अटी शाबूत होत्या.

मला वाटलं आता बायका परत जातील. कशाच्या जातात! धुरपदाबाईनं घागरीवर बसकण मारली आणि विचारलं, “साहेबांची आंघूळ झाली का?”

गुंडप्पांनी मग हळूच खुलासा केला. न्हाणीत पाणी येतं ते उत्कर्षच्या शेतातल्या बोअरचं. ती बोअर दिवसाला तासभर चालते. त्यातलं पिण्यापुरतं तो आधी गावाला देतो आणि उरलेलं इथं, पण ते फक्त पाहुण्यांच्या आंघोळीला, असा त्याचा नियम. आणि पाहुण्यांनी आंघोळ केली की ते पाणी टँकरच्या त्याच जुन्या व्हॉल्व्हमधून मागं पडतं. ते गाव नेतं, जनावरांना, भांड्याला, सारवायला. “म्हून म्हणतो साहेब, आता आल्याच हायत तर...”

मी न्हाणीत गेलो. चाळीस बायका बाहेर कान देऊन बसलेल्या असताना आंघोळ करणं ही काय चीज आहे हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. मी तांब्या जपून ओतत होतो. बाहेरून आवाज आला, “साबण लावू नका साहेब, म्हस तोंड लावत न्हाय!” मी साबण ठेवून दिला. थोड्या वेळानं दुसरा आवाज, “धार बारीक झाली!” मी दोन तांबे झपाट्यानं ओतले. बाहेर समाधानाचं हूं झालं.

अंग पुसून, कपडे घालून, भांग पाडून मी शक्य तेवढ्या रुबाबात बाहेर आलो. तीन घागरी भरल्या होत्या. चौथी घागर धुरपदाबाईच्या सुनेची होती, ती अर्धी राहिली होती. सगळ्या रांगेनं माझ्याकडं बघितलं.

“साहेब,” धुरपदाबाई म्हणाली, “अजून एक आंघूळ करा की.”

त्या दिवशी दुपारपासून ऊन उतरेपर्यंत मी तीन आंघोळी केल्या. दिवाळीतसुद्धा मी एवढा स्वच्छ झालेलो नाही. वर्षाराणी बायकांमध्ये जाऊन बसली होती. कुणीतरी तिला कुटाचे लाडू दिले होते, कुणी तिच्या हातावरची मेंदी बघत होतं, आणि ती इतकी खुलली होती की तीन आंघोळींचं मला काही वाटेना. मी ओल्या डोक्यानं जवळ जाऊन बसलो, तेव्हा ती विचारत होती, “पण तुमच्या गावाला सरकारी टँकर का नाही?”

“प्रस्ताव धाडला व्हता की,” धुरपदाबाई म्हणाली. “परत आला. गावाचा फोटू जोडायला सांगिटला म्हून जोडला. तर कुण्या मेल्यानं ल्हिवलं, फोटूत टँकर हुबा दिसतोय, मंग दुसरा कशाला पायजे.”

“कोणता टँकर?” वर्षाराणीनं विचारलं.

धुरपदाबाईनं अंगठा मागं केला. तिच्या मागं आमचा निळा टँकर उभा होता, दोन आरामखुर्च्यांसकट.

मघापासून डोक्यात कुरतडत होतं ते एकदम जागेवर आलं. मौजे खापरवाडी. स्वच्छ टेबलाचा तो आठवडा. तिसरा दिवस, चौथा प्रस्ताव. ‘छायाचित्राचे अवलोकन करता गावात टँकर उपलब्ध असल्याचे दिसून येते. सबब प्रस्ताव परत.’ अक्षर माझं, घाई माझी, आणि घाई कशासाठी तर ह्याच टँकरमध्ये यायला मिळावं म्हणून!

“काय माणूस म्हणायचा का कोण?” वर्षाराणी तापली होती. “डोळे आहेत का बटणं? अहो, तुमच्याच ऑफिसातला असेल ना कुणीतरी? कोण आहे हो तो?”

“मी जरा अजून एक आंघोळ करून येतो,” मी म्हणालो.

चौथ्या आंघोळीत मी पुष्कळ विचार केला. सांगितलं तर दुसरी अट मोडते, चोवीस वर्षांतली एकुलती एक सुट्टी जाते आणि पुढं कधीच काही नाही. नाही सांगितलं तर सोमवारी ऑफिसात जाऊन गुपचूप दुरुस्त करता येईल. नाही सांगायचं असं ठरवलं. ठरवलं खरं, पण मग मला एका जागी बसता येईना. खुर्चीत बसलो की समोर रिकाम्या कळश्या दिसायच्या, आत गेलो की बाहेरची ‘पिण्याचे पाणी’ ही अक्षरं पत्र्यातून उलटी दिसल्याचा भास व्हायचा. टँकरची अठरा पावलं मी किती वेळा मोजली देव जाणे. “तुम्हाला काय होतंय?” वर्षाराणी विचारायची. मी म्हणायचो, ऊन लागलंय. तिनं मला आण्णासाहेबांचे दोन्ही कांदे दिले.

रविवारी सकाळी धुरपदाबाई आली ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. आदल्या दिवशी वर्षाराणीनंच तिला सांगून ठेवलं होतं, कागद आणा, ह्यांच्या ओळखी आहेत, बघू काही होतंय का. पिशवीतून परत आलेला प्रस्ताव निघाला. वर्षाराणीनं तो वाचला. शेवटी आली. थांबली.

माझ्या सहीखाली मी एक रेघ ओढतो आणि रेघेखाली दोन टिंबं देतो. मुलांच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर, बँकेच्या कागदांवर, चोवीस वर्षं ती टिंबं हिनं बघितलीत. तिनं कागद हळूच खाली ठेवला. माझ्या हातातले दोन कांदे बघितले. मग म्हणाली, “आजी, तुमचा तो मेला सापडला. आमच्याच घरात राहतो.”

मला वाटलं आता माळावरच्या सगळ्या बायका मला घागरींनी बडवणार. धुरपदाबाईनं पदर सावरला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “आसू द्या. आज आंघूळ झाली का त्यांची? न्हाय ना? मंग आधी ती करू द्या, मागनं ल्हितील.”

इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. “वर्षा, तूच म्हणाली होतीस ना, ऑफिस नको म्हणून,” मी चाचरत म्हणालो. “म्हणून मी...”

“अट माझी होती, मीच मोडली,” ती म्हणाली. “उठा. काय काय लागतं नव्या कागदाला?”

स्थळपाहणी लागते. माझ्या प्रपत्रात ‘पाण्याच्या ठिकाणापासूनचे अंतर’ असा एक रकाना आहे. एकोणीस वर्षं मी त्यात आकडे तपासलेत. त्या दिवशी प्रथमच ते अंतर चाललो. जाताना काही वाटलं नाही. येताना धुरपदाबाईच्या सुनेनं एक कळशी माझ्या खांद्यावर दिली, आणि वाटेत मी पाच ठिकाणी थांबलो. पाचव्या ठिकाणी मला रडूच येत होतं, ते घामात खपून गेलं.

मग फोटो. फोटोत टँकर यायला नको. पण तो माळ इतका सपाट की गावाच्या कुठल्याही बाजूनं उभं राहावं, मागं निळा टँकर हजर! शाळेचा फोटो घेतला, टँकर. देवळाचा घेतला, टँकर. कोरड्या आडाचा घेतला, त्याच्या काठावर टँकर. शेवटी वर्षाराणी वैतागली.

“लपवता कशाला? आत काय आहे तेच दाखवा ना त्यांना.”

ती शिडीवरून टपावर चढली, छपराचं गवत बाजूला सारून वरचं झाकण उघडलं आणि आत मोबाईल धरून फोटो काढला. पलंग, कूलर, आणि पलंगावर बनियनमध्ये, ओल्या डोक्यानं, वर बघणारा मी. प्रस्तावावर दोन महिलांच्या सह्या लागतात. एक अंगठा धुरपदाबाईचा झाला. दुसरी सही गावातलीच हवी म्हणून सुनेनं केली, आणि खाली ‘समक्ष’ म्हणून वर्षाराणीनं.

सोमवारी प्रस्ताव साहेबांपुढं गेला आणि मंगळवारी त्रुटी निघाली. परवानगीत कारण ‘वैयक्तिक’ असताना शासकीय पाहणी कशी केली? आणि छायाचित्रात पुन्हा टँकर दिसतो, त्याचे काय? लेखी खुलासा करावा. एकोणीस वर्षं मी लोकांना जे करत आलो ते माझ्याच टेबलावर येऊन पडलं होतं. मी दोन रात्री मसुदे लिहून फाडले. शेवटी वर्षाराणी म्हणाली, जे आहे ते लिहा. मी लिहिलं:

‘सदर टँकरमध्ये प्रस्तुत लिपिक दोन दिवस सपत्नीक मुक्कामास होता. आतील बाजूची तपासणी करता एक पलंग, एक कूलर व प्रस्तुत लिपिक आढळून आला. पाणी आढळून आले नाही.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग फोटो बघितला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि सही केली. माझा तो बनियनमधला फोटो आता सगळ्या ऑफिसच्या मोबाईलवर आहे, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

बारा दिवसांनी दुपारी वर्षाराणीचा फोन वाजला. तिनं तो माझ्या कानाजवळ धरला. पलीकडं कुणीच बोलत नव्हतं. नुसता आवाज येत होता, रिकाम्या घागरीत जाड धार पडल्याचा, आधी पोकळ आणि मग भरत आलेला. मग धुरपदाबाई ओरडली, “ऐकलं का? आता या राह्याला! आंघुळीचं टेन्शन न्हाय!”

“येते की,” वर्षाराणी म्हणाली. “शनिवारीच येते.”

मी लगेच कॅलेंडर काढलं, परवानगीचा अर्ज काढला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत होतो. तिनं अर्ज माझ्या हातातून काढून घेतला.

“तुम्ही कुठं निघालात? देव नाही, ऑफिस नाही, नातेवाईक नाही,” ती म्हणाली. “ह्यातले दोन तर तुम्हीच आहात.”

शनिवारी सकाळी मी तिला एसटीत बसवून आलो. बॅगेत आण्णासाहेबांचा थर्मामीटर दिला, तो तिनं खिडकीतून परत केला. घरी येऊन मी खुर्चीत बसलो, सात मिनिटांनी उठलो, आणि हॉल मोजला. अकरा पावलं भरला. तेवढ्यात भिंतीवर कोपरं टेकून आण्णासाहेब म्हणाले, “एकट्याच गेल्या वहिनी? मग तुम्ही आता तुळजापूरला जाऊन या.”